वैरण बोळाचे फोटो

दीपमाला सांगलीच्या वैरण बोळात भाड्याने राहायला आली, तेव्हा लोकांना तिच्याविषयी दोनच गोष्टी ठाऊक होत्या. नवरा मिलिटरीत आहे आणि बाई लग्नाचे फोटो काढते. पहिल्या गोष्टीचं कुणाला नवल वाटलं नाही. दुसरीचं मात्र वाटलं. गोदावरीकाकूंनी खालच्या दोन खोल्या तिला देताना विचारलंसुद्धा, "म्हणजे फोटोवाल्याकडे कामाला जातेस?"

"न्हाई काकू. मीच फोटोवाली," दीपमाला म्हणाली.

तिचं माहेर फलटणजवळच्या खेड्यातलं. घर उसावर चालणारं. मामाचा फलटणला स्टुडिओ होता आणि सुट्टी लागली की तिचा मुक्काम तिथेच असायचा. कॅमेऱ्यातून बघायला ती तिथे शिकली. लग्नानंतर नवरा विश्वजीत कधी लडाखला, कधी राजस्थानात. मुलीच्या शाळेसाठी म्हणून ती सांगलीला आली आणि पुढच्या खोलीत तिने स्टुडिओ थाटला. हळूहळू नाव झालं. तिच्या फोटोत नवरीच्या पापणीवरची अक्षतसुद्धा दिसायची आणि मागचा सगळा मांडव, वऱ्हाड, खुर्च्या दुधात विरघळल्यासारखं धूसर व्हायचं. "मागचं गबाळ दिसायलाच नको," हा तिचा मंत्र होता.

वैरण बोळ नदीजवळचा. पूर्वी तिथे कडब्याचा बाजार भरायचा म्हणे. बोळाचं एक तोंड घाटाकडे आणि दुसरं मोठ्या रस्त्याकडे. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी नाल्यावरची मोरी लागते. घाटाकडच्या टोकाला बनुबाईंचं छोटंसं घर. त्या दारातच फुलांच्या पाट्या मांडून बसायच्या. मध्ये गोदावरीकाकूंचं दुमजली घर आणि समोर मानसिंग टेम्पोवाल्याची जुनी वखार. पावसाळ्यात कृष्णा फुगली की या बोळात एकच प्रश्न असायचा, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी कानावर आली की प्रत्येक जण आपापला हिशोब करायचा. गोची अशी होती, की प्रत्येकाचा हिशोब वेगळा होता. एकोणीसच्या पुरात पाणी बोळातल्या मारुतीच्या पारापर्यंत आलं होतं असं एक जण शपथेवर सांगायचा; दुसरा म्हणायचा, छे, मारुतीच्या शेपटीपर्यंत. रस्ता तेव्हापासून थर चढवून दोनदा नव्याने केला होता, त्यामुळे पाराचीच उंची पहिल्यासारखी राहिली नव्हती.

एकवीस साली पुन्हा पूर आला, तेव्हा अर्धा बोळ फार लवकर निघाला आणि अर्धा फार उशिरा. उशिरा निघणाऱ्यांत बनुबाई होत्या. त्यांना खिडकीचे गज कापून होडीत घ्यावं लागलं. होडीत बसल्यावर म्हातारी लुगड्याचा ओला पदर पिळत राहिली. दीपमाला त्याच होडीत होती, मांडीवर मुलगी आणि मुलीच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग. स्टुडिओतले दिवे, पडदे, प्रिंटर सगळं पाण्यात गेलं होतं.

पुढे दोनेक वर्षांनी गोदावरीकाकूंचा मुलगा राजस तिच्याकडे आला. राजस इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. बोळाचं थ्रीडी मॉडेल करायचं त्याच्या डोक्यात होतं. भरपूर फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरला द्यायचे आणि कॉम्प्युटरने त्यातून अख्खा बोळ जसाच्या तसा उभा करायचा. मग त्यात पाणी चढवून बघायचं, की नदी इतकी आली तर कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं.

"ड्रोन उडवून बघितला आम्ही," तो म्हणाला. "पण वरून सगळे पत्रे आणि तारा. उंबरे, पायऱ्या सगळं सज्ज्यांखाली झाकलं जातं. खालून, चालत फोटो काढायला हवेत. आणि ताई, माझ्या हातचे फोटो तुम्ही पाहिलेच आहेत."

दीपमाला हसली. राजसने काढलेल्या घरच्या गणपतीच्या फोटोत गणपती सोडून सगळं आलं होतं.

"एवढंच ना? काढते की," ती म्हणाली.

तिने तो फोटोंचा दिवस सणासारखा साजरा केला. संध्याकाळचं सोनेरी ऊन निवडलं. दारादारांत माणसं उभी केली. बनुबाईंना फुलांच्या पाट्यांसह बसवलं, मानसिंगला टेम्पो पुसायला लावला. एकेका जागी उभी राहून, सवयीप्रमाणे, ती गोल फिरत सगळीकडचे फोटो घेत गेली. जवळची चौकट लख्ख, मागचं धूसर. एकेक फोटो असा, की भिंतीवर टांगावा.

राजसने ते सगळे कॉम्प्युटरला दिले. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर पडद्याभोवती निम्मा बोळ जमला. आणि पडद्यावर आलं ते भलतंच. बोळ मेणाचा असावा आणि कुणी तो उन्हात ठेवावा तशी घरं ओघळली होती. औषधाच्या दुकानाच्या काचेच्या जागी भगदाड. काकूंची नुकतीच रंगवलेली पांढरीशुभ्र भिंत गायब. एकाच वळणाचा बोळ अख्खा काकडीसारखा वाकला होता, आणि त्या वळणापाशी तुटून त्याचे दोन तुकडे हवेत तरंगत होते.

"आन् ही कोण गं तीन तोंडांची?" बनुबाईंनी विचारलं.

"तुमीच हाय, आजी," मानसिंग म्हणाला आणि खोली हास्यात बुडाली. बनुबाईही हसल्या. दीपमाला मात्र उठून खाली गेली.

पुढचे काही दिवस ती राजसला टाळत राहिली. लग्नाच्या ऑर्डरी होत्या, त्यांत डोकं घातलं. राजस दारात येऊन म्हणाला, "चूक माझीही आहे. कसे फोटो हवेत हे मी नीट सांगितलंच नाही. मलाही ते पुस्तकातूनच माहीत आहे."

"मग पुस्तकवाल्यालाच बोलव," ती तोडून बोलली आणि नंतर तिला वाईट वाटलं.

त्या आठवड्यात विश्वजीतचा फोन आला. ती चिडून सगळं सांगत होती आणि तो ऐकत होता. मग म्हणाला, "तू एका जागी उभी राहून फिरलीस?"

"मग काय नाचत काढू?"

"आगं, आमी चौकीवर असतो तवा समोरचा दगड किती लांब हाय ते कसं वळखतो? एका जागी हुबं राहून नुसती मान फिरवली तर दगड कुठं हाय एवढंच कळतं. लांबी कळत न्हाई. चार पावलं बाजूला सरकून परत बघावं लागतं. जवळचा दगड लय सरकतो, लांबचा थोडाच."

फोन ठेवल्यावर ती दारात गेली. समोर मानसिंगच्या वखारीचा खांब आणि त्याच्या मागे पिंपळ. तिने नुसती मान फिरवली. खांब आणि पिंपळ एकमेकांना चिकटलेलेच राहिले. मग ती एक पाऊल डावीकडे सरकली. खांब पिंपळापासून सुटा झाला. आणखी एक पाऊल. आणखी सुटा. ती त्या बोळात एकटीच आडवी आडवी सरकत राहिली, आणि दारातून बघणाऱ्या गोदावरीकाकूंना वाटलं, पोरीच्या पायात काटा गेला की काय.

ती तशीच जिना चढून वर गेली. "राजस, तुझं पुस्तक काढ," ती म्हणाली. "आपण दोघं मिळून वाचू."

त्यानंतरचे दिवस दोघांनी चुका करण्यात घालवले, आणि त्या चुका मजेच्या होत्या. आधी एकच पायरी घ्यायची, तिचे फोटो काढायचे, मॉडेल बघायचं. मग एक चौकट. मग एक ओटा. दीपमालाला आपल्या हाताची प्रत्येक सवय उलटी करावी लागली. मागचं धूसर करायचं नाही. जवळची वीट आणि लांबचा पत्रा दोन्ही सारखेच स्पष्ट हवेत. झूम फिरवायचा नाही. उजेडाचं माप एकदा ठरवलं की बोळ संपेपर्यंत बदलायचं नाही, नाहीतर एकाच भिंतीचे दोन रंग होतात. आणि मुख्य म्हणजे सरकायचं. आडवं, पावला-पावलाने, असं की मागच्या फोटोतलं बरंचसं पुढच्या फोटोत पुन्हा दिसलं पाहिजे.

"कॉम्प्युटरला वळख लागते," ती बनुबाईंना समजावत होती. "परक्या गावात आपण कसं, आधीच्या खुणेवरनं पुढची खूण धरतो. खूण सुटली की तो हरवला."

"माझ्यावानीच हाय की मग," बनुबाई म्हणाल्या.

सोनेरी उन्हाची तिची आवडही सोडावी लागली. उन्हाने सावल्या पडतात, त्या सरकतात, आणि सज्ज्याखालचे उंबरे काळेठिक्कर होतात. हवा होता ढगाळ दिवस, पाऊस नसलेला. लग्नात ढग आले की तोंड वाकडं करणारी बाई आता सकाळी उठून ढगांची वाट बघू लागली. सज्ज्यांच्या वरचं दिसावं म्हणून आंबे उतरवायच्या बांबूला कॅमेरा बांधायचं ठरलं. कुपवाडच्या एका वर्कशॉपात मानसिंगचा मेहुणा होता, त्याने लोखंडी पकड करून दिली.

काकूंची पांढरी भिंत हा वेगळाच प्रश्न होता. कोऱ्या भिंतीवर कॉम्प्युटरला ओळखायला काहीच नव्हतं. त्यावर काहीतरी चिकटवायला हवं होतं.

"माझ्या नव्या भिंतीवर पेपर? अजिबात नाही!" काकू कडाडल्या.

"काकू, मैद्याची खळ लावते. धुतलं की जातं."

काकूंनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी स्वतःच माळ्यावरून जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा काढला. "ही लावा. पण देवांची चित्रं खाली लावायची नाहीत. खाली नुसत्या तारखा." त्या स्वतः स्टुलावर चढून दत्त, अंबाबाई आणि गणपती वरच्या ओळीत नीट लावत बसल्या.

बोळ काकडीसारखा का वाकतो हेही राजसला सापडलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जात राहिलं, की प्रत्येक फोटोतली बारीकशी चूक पुढच्यावर चढत जाते. उपाय असा, की फेरा मारून निघालो तिथेच परत यायचं. सुरुवात आणि शेवट जुळले की चूक पकडली जाते. पण वैरण बोळातून फेरा मारायला दुसरी वाट होतीच कुठे? एकीकडे नदी, दुसरीकडे मोरी.

"मानसिंगची वखार," दीपमाला म्हणाली. "तिला मागनं दार हाय. वखारीतनं मागं गेलं की मोठ्या रस्त्यावर निघतो, आन् तिथनं मोरीवरनं परत बोळात."

मानसिंगने आधी नाहीच म्हटलं. वखारीत जुने टायर, मोडके टेम्पो आणि त्याच्या आईच्या काळचा कडब्याचा कोठा होता. "त्या उकिरड्याचे फोटो कशाला? लोकं हसतील. आन् मागचं दार कित्येक वर्षं उघडलं न्हाई." पण कॅलेंडर चिकटवणाऱ्या गोदावरीकाकू रोज समोर दिसत होत्या, त्यामुळे त्याचाही नाइलाज झाला. कुलपाला तेल घालून, हातोडीने ठोकून त्याने दार उघडलं.

मग एक दिवस हवं तसं आभाळ आलं. करडं, शांत, वारा नाही. आदल्या दिवशीच सगळ्यांना निरोप गेला होता. गाड्या बाहेर, वाळत घातलेले कपडे आत, दुकानाचं शटर खाली, माणसं घरात. सकाळच्या वेळी वैरण बोळ इतका रिकामा त्याआधी पुरातच पाहिला होता, हे दीपमालाच्या मनात येऊन गेलं. ती सरकू लागली. आधी कॅमेरा छातीशी धरून एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग गुडघ्याशी धरून, उंबऱ्यांसाठी. मग बांबूवर. वळणापाशी एकदम वळली नाही, देवळाची प्रदक्षिणा घालावी तशी थोडी थोडी फिरली. राजस पुढे जाऊन दारांशी खुणेच्या पाट्या ठेवत होता आणि मॉडेलला खरं माप मिळावं म्हणून टेपने त्यांच्यातलं अंतर मोजत होता. बनुबाईंनी खिडकीतून हाक मारून चहा विचारला, तर ती ओरडली, "आजी, डोकं आत! पुन्हा तीन तोंडं येतील!"

वखारीतून, टायरांच्या मधून, मागच्या दाराने, रस्त्यावरून, मोरीवरून ती परत निघाल्या जागी आली, तेव्हा हात भरून आले होते.

या वेळी पडद्यासमोर हसायला कुणी आलं नव्हतं. राजस, दीपमाला आणि काकू, तिघंच. आधी नुसते ठिपके आले, राखेसारखे. मग ते दाट होत गेले. उंबरा आला. ओट्यावरची चीर आली. दत्त आला, अंबाबाई आली. बोळ जसाच्या तसा होता, सलग होता, आणि जिथून निघाला तिथे येऊन मिळाला होता. काकूंनी पडद्यावरच्या आपल्या दाराला हात लावून बघितला.

जमिनीचे चढउतार मोजायच्या लेव्हलच्या यंत्राने उंच्या जुळवून घेतल्यावर राजसने पाणी चढवलं. निळा पृष्ठभाग हळूहळू वर येऊ लागला. तिघांची नजर घाटाकडच्या टोकाकडे, बनुबाईंच्या दाराकडे. पण निळं आधी तिथे आलंच नाही. ते आलं दुसऱ्या तोंडाशी, मोरीपाशी.

"चुकलंय काहीतरी," काकू म्हणाल्या.

राजसने पुन्हा तपासलं, प्रत्यक्ष जाऊन यंत्र लावून मोजलं. चुकलं नव्हतं. रस्ता दर वेळी नव्याने करताना बोळाचा मधला भाग उंच होत गेला होता, आणि मोरीपाशी खळगा तसाच राहिला होता. नदी चढली की नाल्यातून उलटं पाणी मागे येतं आणि आधी त्या खळग्यात भरतं. लोक घाटाकडे डोळे लावून बसत, पाणी अजून पायरीला लागलं नाही म्हणून थांबत, आणि पाठीमागे मोठ्या रस्त्याकडची वाट बंद होत असे. एकवीस साली मोरीवरचं कमरेइतकं पाणी सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ते पावसाचं, गटाराचं म्हणून सोडून दिलं होतं.

दीपमालाने पडद्यावरच्या मोरीवर बोट ठेवलं. "घर बुडायच्या आधी वाट बुडते," ती म्हणाली.

मग राजसने मॉडेल फिरवलं आणि वखार पुढे आली. वखारीची जमीन बोळापेक्षा चांगलीच उंच होती, आणि मागचं दार त्याहून वर. मोरी पूर्ण बुडाली तरी त्या दारापर्यंत निळं पोचत नव्हतं. फेरा पुरा करायला म्हणून ज्या वाटेने दीपमाला टायरांतून सरकली होती, ती कोरडी होती.

मारुतीच्या पारावर बैठक बसली, राजसने पडदा तिथेच आणला. या वेळी कुणाच्या आठवणीवर वाद झाला नाही. प्रत्येकाने आपलं दार शोधलं, आपला उंबरा बघितला, आणि आयर्विनला किती झालं की निघायचं तो आकडा ठरला. मानसिंगने जवळ येऊन पडद्यावरची आपली वखार बघितली. मग म्हणाला, "पावसाळाभर दाराला कुलूप लावणार न्हाई. आन् टायर उद्याच काढतो."

पुढच्या श्रावणात कृष्णा चढली. कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आयर्विनची पातळी ठरलेल्या आकड्याला पोचली तेव्हा बोळ कोरडा ठणठणीत होता. गोदावरीकाकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. "पाणी कुठंय? इतक्यात कशाला निघायचं?"

त्यांना समजवायला दीपमाला पुढे होणार, तोच बनुबाई हातात गाठोडं घेऊन आल्या. "काकी, पाणी घाटाकडं बघू नका. मागं बघा. चला, मीबी निघाले."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन देव्हाऱ्यातला गणपती पदरात घेतला. वखारीतून माणसं निघाली. गाद्या, गॅस, मांजरं, पाळण्यासकट एक तान्हं पोर. मानसिंग मागच्या दारात उभा राहून म्हाताऱ्यांना हात देत होता. सगळे उंचावरच्या शाळेत पोचले, भात शिजायला लागला, तेव्हा राजस मोरी बघून आला. "भरली," एवढंच म्हणाला.

या वेळी होडी लागली नाही. दीपमालाच्या खोल्यांत पाणी शिरलंच, भिंती ओल्या झाल्याच. पण दिवे, पडदे, प्रिंटर तिने आधीच वखारीच्या माळ्यावर चढवले होते. बनुबाई दहीहंडीच्या आधी परत फुलं विकत बसल्या.

बातमी शेजारच्या बोळांत गेली. मग दोन बोळ सोडून पलीकडच्या बायकांनी तिला बोलावलं. त्यांतल्या तिघींना ती मोबाईलवरसुद्धा असे फोटो कसे काढायचे ते शिकवू लागली. त्यातली एक शिवणकाम करणारी, तिचा हात सगळ्यात स्थिर निघाला. लग्नाची कामं चालूच आहेत; तिथे ती अजून मागचं धूसर करते, नवरीला तेच आवडतं.

गेल्या महिन्यात विश्वजीत सुट्टीवर आला, तर बायको घरी नव्हती. शोधत गेला. पलीकडच्या बोळात, करड्या आभाळाखाली, बांबू उंच धरून ती खेकड्यासारखी आडवी चालत होती आणि मागे तिघी बायका तशाच. त्याला बघून तिचा चेहरा फुलला. पण पाय थांबले नाहीत.

"फोटोत येतोयस," ती ओरडली. "त्या रिक्षाच्या मागं जा. आन् रिक्षापण ढकल जरा!"

बॅग खांद्यावरून उतरवून विश्वजीत रिक्षा ढकलायला लागला.